काय खाल्लं ते आधी सांगा

मी बारावीला होते तेव्हा आप्पांना साखर निघाली. आप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. लिंबायतमध्ये आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीतल्या खात्यात ते रोज बारा तास उभे असायचे. पायाला जखम झाली आणि ती महिनाभर भरेना, तेव्हा आईने त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. मला सोबत घेतलं, कारण गुजराती वाचता येणारी घरात मी एकटीच.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्यापिण्याचं विचारायला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथल्या बाईंनी मान वर न करता एक छापील कागद पुढे केला. "आमां बधुं लखेलुं छे," एवढंच म्हणाल्या. यात सगळं लिहिलंय.

घरी येऊन मी तो कागद मोठ्याने वाचला. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर सॅलड, संध्याकाळी सफरचंद, रात्री सूप. भाकरीचं नाव कुठेच नव्हतं. आम्ही घरात अहिराणी बोलतो. आई म्हणाली, "तुना बाप काय ढोर शे का, कच्चा पाला खावाले?"

पण आप्पा सरळ माणूस. "डॉक्टर सांगस ना, मग करी दखू," म्हणाले आणि त्यांनी भाकरी सोडली. ओट्स दुकानात मिळाले, पण त्यांचं करायचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने फोडणी देऊन खिचडीसारखे शिजवले, तर खळ तयार झाली. आप्पांनी दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. पाचव्या दिवशी ते नुसत्या चहावर गोळी घेऊन कामाला गेले आणि दुपारच्या आत लूमपाशी कोसळले. दोघा कारागिरांनी त्यांना रिक्षातून घरी आणलं. अंग घामाने थबथबलेलं, बोटं थरथरत होती. आईने घाईघाईने साखरेचं पाणी पाजलं. जरा डोळे उघडल्यावर ते म्हणाले, "भाकरी दे."

त्या दिवसापासून कागद संपला आणि डॉक्टरही संपले. पुढे कित्येक वर्षं ते दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. राग आला त्या खोलीतल्या बाईंचा. एकच प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही रोज काय खाता? मी ठरवलं, त्या खुर्चीवर आपण बसायचं.

घरात कुणाला आहारशास्त्राचं हे शिक्षण म्हणजे काय ते कळत नव्हतं. शेजारच्या मावशी विचारायच्या, "सयपाक शिकाले कॉलेजात कशाले जास?" पुस्तकं इंग्रजीत. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत, पुढे गुजरातीत शिकलेली. एकेका पानाला तासतास लागायचा. समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून पुस्तकं काळी केली, पण सोडलं नाही. एकदा वर्गात आहाराचा आराखडा करायचा होता. मी त्यात कळण्याची भाकरी लिहिली. मॅडमनी विचारलं, हे काय असतं? दुसऱ्या दिवशी मी डब्यात घेऊन गेले. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, सोबत ठेचा आणि पोकळ्याची पालेभाजी. मॅडमनी खाल्ली आणि मला फळ्यापुढे उभं केलं. त्यात काय काय आहे ते मी मांडून दाखवलं. माझ्या आईचं जेवण कॉलेजच्या फळ्यावर पहिल्यांदाच आलं होतं.

शिक्षण झाल्यावर एका रुग्णालयात नोकरी लागली. आणि आता खरं सांगते, तिसऱ्याच महिन्यात मीही तसाच कागद देऊ लागले होते. बाहेर रांग असायची, दर माणशी दहा मिनिटं. एक दिवस कोसाडहून एक बाई आली. अंगात रक्त कमी. मी गुजरातीत भराभर समजावलं, कागद दिला, ती "हो मॅडम" म्हणून उठली. दाराबाहेर नवरा उभा होता. त्याला ती अहिराणीत म्हणाली, "कागद कितला गुळगुळीत शे, डबास्ना खाले टाकाले चांगला."

माझे कान तापले. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेले आणि तिला अहिराणीतच हाक मारली. ती दचकून वळली.

"आपलीच शे का तू?" तिने विचारलं.

"लिंबायतनी शे. बस. सकायपासून काय काय खादं ते माले सांग."

तिने सांगितलं. उठल्यावर चहा आणि टोस्ट. मग घरी आणलेल्या साड्यांचे धागे कापायला बसायचं, त्यात पुन्हा दोनदा चहा. दुपारी सगळ्यांचं झालं की उरलेलं. भाजी संपली असेल तर तिखट-मीठ. त्या बाईला माझ्या कागदातली बीट आणि डाळिंबं काय कामाची? आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. जेवणावर चहा प्यायचा नाही, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. टोस्टऐवजी शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मेथी किंवा पोकळा शिजला की पातेलं बाहेर जायच्या आधी तिची वाटी काढून ठेवायची. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. अर्धा तास गेला. वरिष्ठांनी बोलावून झापलं. मी म्हटलं, "सर, वेळ संपल्यावर मी थांबेन. पण विचारल्याशिवाय कुणाला काही सांगणार नाही." ते पुटपुटले, पण अडवलं नाही त्यांनी.

घरचा रोगी मात्र सगळ्यात अवघड. आप्पांना मी गोड बोलून पुन्हा तपासायला नेलं. साखर तशीच चढलेली. भाकरी, भाजी, डाळ, सगळं घरी नीट चाललं होतं. मग गोड येत होतं कुठून? मी एका सुट्टीच्या दिवशी खात्यात गेले. लूमच्या आवाजात माणसं खुणांनी बोलत होती. मी सकाळभर एका कोपऱ्यात बसून राहिले. चहावाला किटली घेऊन पुन्हा पुन्हा फिरायचा. पाकासारखा चहा. आप्पांना तो आवडायचा असं नाही. पण चहा घेतला तरच लूमपासून दोन मिनिटं बाजूला होता येत होतं. बारा तासांत तेवढाच विसावा.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आप्पा, चहा सोडू नका. दोन मिनिटं तर मुळीच सोडू नका. फक्त किटली आपली न्या." आईने बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये भरून दिला. मधल्या वेळेला अर्धी भाकरी. पहिले काही दिवस सोबतचे कारागीर हसले. आप्पा हट्टाने थर्मास नेत राहिले. साखर हळूहळू ताब्यात आली, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. पायाची पुन्हा पुन्हा चिघळणारी जखम भरून निघाली. एका डोळ्याला मात्र कमी दिसतं, ते तसंच राहिलं. ती वाया गेलेली वर्षं मला परत आणता आली नाहीत.

आता दर रविवारी सकाळी लिंबायतमध्ये एका ओळखीच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांना भेटते. सतरंजीवर गोल करून बसतो. प्रत्येकीने कालपासून काय खाल्लं ते सांगायचं, एवढाच नियम. चूक-बरोबर नंतर. आई मदतीला यायची, पाणी द्यायची, सतरंजी उचलायची. तीन महिन्यांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईने तिला सहज विचारलं, "तुम्ही काय खाता हो, डॉक्टरीणबाईनी माय?"

आई हसून म्हणाली, "माले काय? त्यास्नं झाये का जे उरी ते."

खोलीतल्या बाया हसल्या. मी हसू शकले नाही. इतकी वर्षं मी आप्पांचं ताट मोजून वाढायला लावत होते, आणि ते वाढणारीला एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिचं रक्त तपासून घेतलं. कमी निघालं, अपेक्षेपेक्षा बरंच कमी.

त्या संध्याकाळी मी तीन ताटं एकदम वाढली. आई म्हणाली, "तुम्ही बसा, मी गरम भाकऱ्या टाकस."

"गार खाऊ," मी म्हटलं.

"आसं कोठे ऱ्हास का?"

ती ओट्यापाशी उभी राहिली आणि आम्ही दोघं ताटाला हात न लावता बसून राहिलो. आप्पांना भूक लागलेली होती, गोळीही घेऊन झालेली होती, आणि आईला ते माहीत होतं. शेवटी तिने गॅस बंद केला, हात पुसले, आणि चिडूनच आमच्या शेजारी येऊन बसली. "जेवा आता," म्हणाली. मी तिच्या ताटात मेथीची भाजी वाढली, आणखी थोडी वाढली, आणि ती पहिला घास घेईपर्यंत माझ्या ताटाला हात लावला नाही.