आपला गडी

सांगलीच्या आमच्या घरी ‘गडी’ या शब्दाला एकच अर्थ होता. विहिरीचे पाणी ओढणारा, गोठा झाडणारा आणि ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून चहा पिणारा, तो गडी. शाळेत मी हुतुतू खेळलो होतो; पण मैदानावरच्या गड्याची आणि घरच्या गड्याची गाठ मी मनात कधी घातली नव्हती. हा दोष माझाच.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षे. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर म्हणून माण तालुक्यात रुजू झालो. एका मेंढपाळ वस्तीवरच्या मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचायची होती, तीही पावसाआधी. नवे कोवळे गवत भरपेट खाल्ले की या रोगाने सकाळचे धडधाकट मेंढरू संध्याकाळी मरते.

वस्तीने माझा मान उत्तम ठेवला. बसायला खुर्ची, चहाला कपबशी आणि प्रत्येक वाक्याच्या आरंभी “आवं सायेब”. मेंढरे मात्र मी पोहोचण्यापूर्वीच डोंगराआड गेलेली असत. सुईने गाभण मेंढी गाभडते, म्हणजे गर्भ टाकते, अशी वस्तीवरच्या लोकांची समजूत होती. तीन खेपा झाल्या. एकही मेंढी टोचली गेली नाही.

चौथ्या खेपेला एक मेंढी अडली होती. मागे राहिली होती ती तेवढ्यासाठीच. मी बाह्या सारल्या, धुळीत आडवा झालो आणि अर्ध्या तासाने कोकरू बाहेर काढले. दोन्ही जगली. वस्तीतला सर्वांत वडील मेंढपाळ इतका वेळ मेंढरांच्या रिकाम्या वाडग्याच्या काटेरी कुंपणापाशी उकिडवा बसून पाहत होता. तो उठला आणि बाकीच्यांना म्हणाला, “उद्या मेंढरं वाडग्यात ठेवा रं. डागदर आपला गडी हाय.”

माझ्या कानशिलांना ऊन लागावे तसे झाले. पशुवैद्यकाची पदवी, सरकारी नेमणूक, आणि मी यांचा गडी! मी हात धुतले, लसीचा थर्मास सायकलला बांधला आणि निघालो. घरी येऊन बदलीचा अर्ज लिहिला. ‘कारण’ या रकान्यात ‘स्थानिक लोकांकडून अवमानकारक संबोधन’ असे स्वच्छ अक्षरात नोंदवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने साताऱ्याला जाऊन तो अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला.

वरिष्ठ साताऱ्याच्याच मातीतले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि संबोधन कोणते, ते विचारले. मी सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

“हुतुतूत दोन्ही बाजूंना कोण असतात?”

“गडी.”

“त्यांना पगार मिळतो?”

मग त्यांनी मला शब्दाचा इतिहास ऐकवला. त्यांच्या मते गडी हा आधी खेळातला जोडीदार, मग कामातला जोडीदार. शहरातल्या वाड्यांत आल्यावर त्याचा चाकर झाला. “म्हणजे पदावनती शब्दाची झाली आहे, तुमची नव्हे,” ते म्हणाले. या क्रमाला कोशात आधार आहे का, ते मी पुढे पाहिले. कोशात तिन्ही अर्थ आहेत. क्रम मला सापडला नाही. ‘गडावर राहील तो गडी’ ही माणातली व्युत्पत्ती तर मी आजही मानत नाही. गड कधी न पाहिलेले गडी मला पुष्कळ भेटले आहेत.

“साहेब म्हणत होते तोवर मेंढ्या किती टोचल्यात?” वरिष्ठांनी विचारले.

“एकही नाही.”

“आणि गडी म्हटल्यावर?”

“मी थांबलो नाही.”

“मग आधी थांबून बघा.” अर्ज त्यांनी माझ्या हातात परत दिला.

चौथ्या दिवशी सकाळी थर्मासात नवा बर्फ भरून मी वस्तीवर पोहोचलो, तेव्हा वाडगे मेंढरांनी गच्च भरलेले होते. डॉक्टर औषध आणायला गेला, असे समजून त्यांनी दोन दिवस मेंढरे चरायला सोडली नव्हती. माणसे बाभळीच्या शेंगा गोळा करून त्यांना घालत होती आणि वैतागली होती. म्हातारा माझ्यावर उखडला.

“व्हय गड्या, हुतास कुठं दोन दिस?”

‘आवं’ गेले होते. ‘सायेब’ गेले होते. मी एकदम ‘तू’ झालो होतो.

“साताऱ्याला. एका शब्दाचा अर्थ विचारायला,” मी खरे ते सांगितले.

“त्यासाठी एष्टी कशाला? मला इचारायचं की.” त्याने एक मेंढी ओढून माझ्यापुढे धरली. “हं, टोच. आन् दमानं. गाभण हाय.”

मी दमाने टोचली. ऊन चढेपर्यंत निम्मे वाडगे झाले. मग कंबर धरली म्हणून मी क्षणभर सरळ उभा राहिलो, तर म्हातारा मेंढीची मान सोडायला तयार नव्हता.

“डाव आर्दा ऱ्हायलाय,” तो म्हणाला. “गडी बाद न्हाई झाला अजून.”

मी पुन्हा वाकलो.