माझ्यापुढं नको

उभ्या हयातीत मी हजारो निकाल दिले. गावात माझी ओळख काय, तर वहिनींच्या वाटेसाठी ज्याच्यानं काडीचं काही झालं नाही तो. बरं, ते खोटंही नाही.

वहिनी म्हणजे वाशी तालुक्यातल्या आमच्या गावच्या, भावकीतल्या. त्यांच्या शेताला जायची गाडीवाट शेजाऱ्यानं नांगरून टाकली. त्यांनी दावा लावला. नकाशात वाट नव्हती. साक्षीदार दोन, एक वारला, दुसरा ऐनवेळी फुटला. खालच्या कोर्टात हरल्या, जिल्ह्याच्या अपिलातही हरल्या, आणि दुसरं अपील आलं ते नेमकं हायकोर्टाच्या खंडपीठात, मी न्यायमूर्ती होतो तिथं, माझ्याच बोर्डावर. आपलाच माणूस बसलाय तिथं, आता बिनघोर राहा, असं गावानं त्यांना सांगून ठेवलेलं.

फाईल उघडली, गट नंबर वाचला आणि वाट ओळखली. शेजारच्या गावच्या शाळेला मी त्याच वाटेनं जायचो, चाकोरीत साचलेलं पाणी चुकवत. वाट होती की नव्हती हे त्या अख्ख्या कोर्टात मला एकट्याला ठाऊक, आणि मलाच ते बोलायची सोय नाही. न्यायाधीशानं कागदात आहे तेवढंच बघायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर तो साक्षीदार झाला, त्यानं त्या खुर्चीत बसायचं नाही. आणि साक्षीपुराव्याची वेळ तर कधीच निघून गेलेली.

‘माझ्यापुढं नको,’ एवढे दोन शब्द मी लिहून घ्यायला सांगितले. फाईल दुसऱ्या न्यायमूर्तींकडं गेली. अपील फेटाळलं. निकाल मी दोनदा वाचला. बोट ठेवायला जागा नव्हती. मीही तोच दिला असता, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

निवृत्त झाल्यावर गावी गेलो, तर वहिनी आणि त्यांची सून डोक्यावर कडब्याचे भारे घेऊन ओढ्याच्या वळशानं येताना दिसल्या. मी गाडीतून उतरलो.

“वहिनी, माझ्या हातात काही नव्हतं.”

“ते ऱ्हाऊ द्या, भावजी. वाट व्हती का न्हवती, तेवढं सांगा.”

“होती.”

“मग हे तुमी साक्षीला येऊन सांगितलं असतं तर चाललं असतं व्हय?”

“खाली दावा चालू होता तेव्हा, हो. चाललं असतं.”

त्यांनी भारा खाली टाकला आणि त्यावरच बसल्या.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “वकील इचारत व्हता, गावचं कुणी जाणतं माणूस हाय का म्हणून. तुमचं नाव तोंडावर आलं व्हतं. पण म्हणलं, एवढ्या मोठ्या माणसाला कशाला तरास. तुमाला तर ह्यातलं कायबी ठाऊक न्हवतं.”

दावा लागला त्याच आठवड्यात भावानं मला फोनवर सगळं सांगितलं होतं. बघतील वकील, म्हणून मी विषय बदलला होता. मी नुसता त्यांचा भारा उचलायला हात लावला, तर त्या लगबगीनं उठल्या आणि म्हणाल्या, “तुमी नगा, भावजी. कपडे खराब व्हत्याल.”