कचेरीत लिहिलेलं मत

युनिव्हर्सिटीचा कारभार सिनेट नावाची सभा पाहत असे आणि तिचे सभासद सरकार नेमत असे. त्यातल्या थोड्या जागांवर पदवीधरांनी आपला माणूस निवडून द्यावा, अशी परवानगी मिळाली तेव्हा मी ठाण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मत फक्त जुन्या पदवीधरांना होतं. यादीत माझं नाव आलं.

माझ्या मास्तरांचं नाव येणं शक्यच नव्हतं. कल्याणच्या शाळेत मला इंग्रजी शिकवलं ते त्यांनी. बी. ए.ला ते दोनदा गणितात नापास झाले आणि मग संसाराला लागले. पण हा हक्क मागणारे जे अर्ज वर्षानुवर्षं गेले, त्यांतले कितीतरी त्यांनीच लिहिलेले. खाली सह्या आमच्यासारख्यांच्या. परीक्षांतून काढून टाकलेली मराठी परत यावी, एवढीच त्यांची धडपड होती.

यादी निघाल्यावर ते दर रविवारी ठाण्याला येऊन वकील, डॉक्टर, शिक्षक अशा एकेका मतदाराचं दार ठोठावू लागले. मराठीचा प्रश्न सभेत मांडीन, असा शब्द एका उमेदवाराने त्यांना दिला होता. माझ्याकडे ते शेवटी आले. मत त्यालाच देईन, असं मी सांगितलं. पुन्हा विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मतपत्रिका अधिकाऱ्यासमोर सही करून पाठवायची होती. मी ती आमच्या साहेबांपुढे ठेवली. ते आपल्यातलेच, मराठी बोलणारे. नाव अजून लिहिलेलं नाही हे पाहून त्यांनी आपल्या एका स्नेह्याचं नाव सुचवलं आणि दौत माझ्याकडे सरकवली. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. हेडक्लार्कची जागा रिकामी होती. तिचा विषयही निघाला नाही. मी त्यांनी सांगितलेलं नाव लिहिलं.

मास्तरांचा उमेदवार फार मोठ्या फरकाने पडला. माझ्या एका मताने काही झालं नसतं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावलं. तरी राहवेना, म्हणून कल्याणला जाऊन त्यांना खरं ते सांगितलं.

ते पडवीत मुलांच्या वह्या तपासत होते. हातातली वही त्यांनी पुरती तपासली, मग म्हणाले, "इतकी वर्षं मी मागत होतो ते हेच का रे?"

काकूंनी आणलेला चहा घेऊन मी निघालो.

हेडक्लार्कची जागा मला मिळाली. मास्तरांनी त्यानंतर एकही अर्ज लिहिला नाही. मी भेटायला गेलो की ते माझ्या मुलांची, गुडघेदुखीची चौकशी करत. सिनेटचं नाव काढत नसत. मराठीचं होतं तिथेच राहिलं.

पुढच्या निवडणुकीची मतपत्रिका आली तेव्हा मास्तर हयात नव्हते. या खेपेला साहेबांना काही सुचवावं लागलं नाही. कुणाचं नाव लिहू, हे मीच त्यांना विचारलं.