सलीमभाईचा समुद्र आणि माझं तोंड

आंबट झालेला समुद्र दुरुस्त करणारा अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात मी एकटाच माणूस! आता तो आंबट केलाही मीच होता, ही गोष्ट वेगळी.

किस्से माझ्याकडे डबीतल्या चुन्यासारखे साचतात. मधला ओला, काठाचा वाळून दगड. मधला मी ज्याला-त्याला वाटत फिरतो. काठाचा एक आज नखानं खरवडून काढणार आहे. पण आधी ओला घ्या.

खामगावात माझा सोड्याच्या बाटल्यांचा कारखाना होता. शिक्षण सातवी, तीही दोनदा. कारखाना बंद केला तेव्हा सोड्यात भरायच्या गॅसचं एक सिलिंडर उरलं, ते सलीमभाईनं नेलं. हा कापडाचा व्यापारी. दुकानामागच्या खोलीत यानं काचेच्या मोठ्या टाकीत खारं पाणी, रंगीत मासे आणि जिवंत कोरल, म्हणजे पोवळी, पाळलेली. समुद्र कुठं, खामगाव कुठं!

कोरलला हाडं बांधायला चुना लागतो. त्यासाठी टाकीशेजारी एक नळकांडं होतं, त्याला सारे रिअ‍ॅक्टर म्हणत. आत मेलेल्या कोरलचे खडे. त्यात गॅसचे बुडबुडे सोडले की खडे विरघळतात आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत पडतं. गॅस जास्त झाला की टाकी आंबटते. हे मोजायचा आकडा म्हणजे पीएच. तो आठच्या वर असला की सलीमभाई चहा पाजायचा. खाली उतरला की पाणीसुद्धा विचारत नसे!

* * *

उंद्रीची एक मावशी लग्नाचा बस्ता बांधायला आली. सिलिंडर पाहून म्हणे, "हे काय हो?"

मी म्हटलं, "माशायले दमा हाय, मावशी. ऑक्सिजन लावला."

मावशी हळहळली. पुढच्या खेपेला पिशवीभर अडुळशाचा पाला घेऊन हजर! तिथंच काढा उकळला. आता तो टाकीत कसा ओतणार?

सलीमभाई माझ्या कानात म्हणाला, "नाना, खोटं तुमी बोलता अन् काढा मी पेऊ काय?"

प्याला मात्र. मावशी समोरच उभी होती!

* * *

पीएच रोज दुपारून पडायचा. सलीमभाई बुडबुडे कमी करून करून थकला. त्या खोलीत रोज दुपारी आमची बैठक बसायची, तीत देशमुख सर होते, विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर. ते आठ दिवस वही घेऊन बसले. शुक्रवारी दुकान बंद, बैठक नाही. त्या दिवशी आकडा ताठ!

सर म्हणाले, "सलीमभाई, दोष रिअ‍ॅक्टरचा नाही, आपला आहे. एसी लावून दारं-खिडक्या बंद, आत पाच माणसं. आपल्या श्वासातून तोच गॅस निघतो आणि पाण्यात उतरतो."

सलीमभाईनं बाकीच्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मले सिलिंडरची गरजच नव्हती! नाना हाय ना. बोलाले लागले का थांबतच नाईत!"

त्या दिवसापासून एसी बंद, खिडकी उघडी. आम्ही घामानं निथळून राह्यलो, मासे मजेत!

* * *

तरी आकडा थोडा कमीच. सर म्हणाले, "चुन्याची निवळी थेंबथेंब सोडा. चुना गॅस खातो."

मी लगेच कमरेची डबी काढली. "घ्या!"

"तंबाखूचा नाही हो नाना, शुद्ध चुना पाहिजे."

"सर, माह्या चुन्यानं आजवर कोणी मेलं नाई."

सलीमभाई म्हणाला, "मेलं नाई. पण ज्याले-ज्याले लावला, ते सारे तुमाले शोधून राह्यले!"

शेवटी निवळी मीच करायला शिकलो. चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. आकडा चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी लावलेल्या चुन्यानं कोणाचं तरी भलं झालं!

* * *

आता काठाचा दगड.

टाकीत एक जांभळी कोरल होती, फांद्याफांद्यांची. सलीमभाई तिला दुल्हन म्हणायचा. बोटाएवढी आणलेली, सात वर्षांत सुपाएवढी झाली. त्याच्या मुलीनं सासरी छोटी टाकी केली होती. ईदला ती आली की दुल्हनची एक फांदी तिला द्यायची, असं ठरलेलं. डबासुद्धा आणून ठेवला होता.

सलीमभाई रोज दुकान बंद करायच्या आधी घड्याळ धरून बुडबुडे मोजायचा. मिनिटाला चाळीस. एका दुपारी तो गिऱ्हाइकात होता. मी सिलिंडरचा नॉब फिरवून बुडबुडे वाढवले. मोजताना गडबडेल, शिव्या देईल, आपण हसू! एवढंच. मग मी भाचीच्या लग्नाला धाड गावी निघून गेलो.

त्याच दुपारी जालन्याहून फोन आला, बहीण पडली म्हणून. सलीमभाई न मोजताच निघाला. दोन दिवस दुकान बंद, खिडकी बंद.

मी परत आलो तर दुल्हन पांढरी फटक. सरांनी मीटर पाण्यात धरलं, आकडा आठच्या पार खाली.

सलीमभाई सगळ्यांसमोर म्हणाला, "जातानी घाईत माहाच हात लागला असन नॉबले."

मी डबी काढून तंबाखू मळत बसलो. ईदला मुलगी आली, रिकामा डबा घेऊन गेली. जाताना बापाला म्हणाली, "अब्बू, दुसरी वाढवू." मी खिडकीबाहेर पाहत होतो.

* * *

गेल्या आठवड्यात आम्ही दोघंच होतो. सलीमभाई बुडबुडे मोजून राह्यला होता. मी तंबाखू मळता मळता म्हणालो, "सलीम, तो नॉब मी फिरवला होता बे."

त्यानं मान वर केली नाही. मिनिट पुरं मोजलं. घड्याळ खाली ठेवलं.

"माहीत हाय, नाना. नॉबवर तुमच्या चुन्याचा अंगठा उमटला होता. आल्या-आल्या पयले तोच पुसला, सरायच्या नजरेस पडू नये म्हणून. पण एक सांगा. ज्या तोंडानं माहा अख्खा समुद्र आंबट व्हाचा, ते एवढ्या एका गोष्टीले सहा महिने बंद कसं राह्यलं?"