‘येत नाही’ म्हणायची नोकरी

तलासरीला बस थांबते त्याच्या समोर माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दाखल्यांचे अर्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. गिऱ्हाईक गुजरातीत सुरुवात करतं, हिंदीत वैतागतं आणि सही मराठीत करतं. याशिवाय मी नट आहे. हे माझ्या बायकोला मान्य नाही, पण आमच्या गावच्या होळीच्या नाटकात मी बावीस वर्षं कामं केलीत आणि त्यातल्या चार वर्षी सासू झालोय. त्यामुळे लष्कराला नट हवेत असं कळलं तेव्हा मी दुकानाला कुलूप लावलं आणि आरशासमोर उभा राहिलो.

नट म्हणजे तसे नट नाहीत. डहाणू तालुक्यात जवानांचा एक कोर्स होणार होता, पुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्याचा. मुक्काम गंजाडच्या मैदानावर, होड्यांचं काम वरोरच्या खाडीत. होडी चालवणं, दोर फेकणं हे सगळं त्यात होतंच. पण या कोर्सात एक निराळा विषय होता. पूर आलाय, होडी दारात उभी आहे आणि घरातला माणूस म्हणतोय, मी येत नाही. त्याचं काय करायचं? उचलून न्यायचं नाही. ओरडायचं नाही. बोलून, पटवून होडीत बसवायचं. या विषयाची परीक्षा होती, त्याला गुण होते, आणि त्यासाठी ‘येत नाही’ म्हणणारी माणसं लागत होती.

अशी माणसं पुरवण्याचं काम माझ्याकडे आलं. वरोर हे माझं जन्मगाव. मी तिथून आठ जण गोळा केले आणि सगळ्यात पहिलं नाव माझ्या आत्याचं घातलं. आत्या सत्तरीच्या पुढची. खाडीच्या काठाला तिचं घर, अंगणात बोंबील वाळत घालायच्या दोऱ्या. ‘येत नाही’ हे दोन शब्द ती माझ्या जन्माच्या आधीपासून म्हणत आली आहे. लग्नाला, बारशाला, दवाखान्याला. तिला तालमीची गरज नव्हती.

बाकीच्यांना मी भूमिका वाटल्या. एकाने कोंबड्या सोडून यायचं नाही. एकीने सून परत आल्याशिवाय हलायचं नाही. एकाने झोपायचं. माझ्यासाठी मी सगळ्यात गोड भूमिका ठेवली: लेखी आदेश मागणारा. मी खाटेवर पाय वर घेऊन बसायचो आणि पुढ्यात आलेल्या जवानाला विचारायचो, “पूर आलाय हे मान्य. पण मी घर सोडावं असा कागद आहे का? शिक्का आहे का? जावक क्रमांक?” रोज दुकानात मी ज्या प्रश्नांनी छळला जातो ते प्रश्न दुसऱ्याला विचारायला मिळणं हे सुख शब्दांत सांगता येत नाही. एका दांडग्या जवानाने तिसऱ्या मिनिटाला मला खांद्यावर टाकलं आणि होडीत नेऊन ठेवलं. तो नापास झाला. मी खांद्यावरून त्याला तसं सांगतही होतो.

परीक्षा घ्यायला एक कॅप्टन मॅडम होत्या. नागपूरच्या, बारीक चणीच्या. हातात घड्याळ, काखेत पॅड. वेळ पंचवीस मिनिटं. त्या हसत नसत. मी माझे उत्तमोत्तम संवाद त्यांच्या दिशेने तोंड करून म्हणत असे, तरी हसत नसत.

या कोर्सात एक हवालदार होते. सोलापूरकडच्या कोरड्या गावातले, गळ्यात तुळशीची माळ. मासा खाणं सोडाच, त्याचा वासही त्यांना सोसत नसे, आणि नेमणूक वरोरला. पहिल्या दिवशी होडीतून उतरले ते नाकावर रुमाल धरून. आत्याने त्यांना पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “याला पुरातनं आपणच काढायला लागणार.”

पण दोन दिवसांत ते तिच्या ओट्यावर बसायला लागले. दुपारच्या सुट्टीत इतर जण झाडाखाली आडवे होत, हे आत्याकडे कोरा चहा आणि तांदळाची भाकरी खात. तिला आई म्हणत. बोलायला लागले की त्यांच्या कोर्सांच्या गोष्टी निघत. लष्करात काय काय शिकवतात हे मला तेव्हा कळलं. त्यांनी खेचरं हाकण्याचा कोर्स केला होता. खेचराच्या पाठीवर ओझं दोन्ही बाजूंना सारखं बसलं पाहिजे, आणि बांधायच्या आधी त्याच्याशी बोललं पाहिजे, मागून जाऊन हात लावला तर लाथ ठरलेली. बर्फात खड्डा खणून त्यात झोपायचा कोर्स केला होता. शंभर माणसांच्या पोळ्या करायचाही केला होता. आत्याला खेचरांपेक्षा या पोळ्यांचं जास्त आश्चर्य वाटलं. तिने त्यांना परात दिली आणि करून दाखवायला लावलं. पोळ्या गोल झाल्या. तिथे ते गावाचे झाले.

त्याच ओट्यावर एकदा त्यांनी सांगून टाकलं की ही त्यांची शेवटची संधी आहे. या कोर्सात निदान ‘बी’ शेरा मिळाला तर नायब सुभेदार होतील. नाही मिळाला तर वय निघून जातं, मग पुढच्या वर्षी हवालदार म्हणूनच घरी. याआधी दोनदा दुसऱ्या कोर्सांत त्यांचं थोडक्यात हुकलं होतं. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, चहात साखर किती असं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं.  संध्याकाळपर्यंत आत्याकडून ते माझ्या आठही नटांना माहीत झालं होतं.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचा गुन्हा आहे, तो आधीच कबूल करतो.

हवालदारांच्या परीक्षेच्या दिवशी खाडीला भरती होती. होडी आत्याच्या अंगणाला लागली. मॅडमनी घड्याळ दाबलं. हवालदार उतरले, रुमाल खिशात घातला, हात जोडले आणि म्हणाले, “नमस्कार मंडळी.”

मंडळी होडीत बसली.

एवढंच. त्यांनी दुसरा शब्द काढायच्या आत सगळे उठले, गाठोडी आधीच बांधलेली, आणि एकामागून एक होडीत. कोंबड्यांवाला कोंबड्या पाटीत घालून तयार. सुनेची वाट बघणारीने सुनेला बरोबरच आणलं होतं. झोपणारा धावत आला. आत्याने तर पायातल्या वहाणा आधीच काढून हातात घेतल्या होत्या, त्याला उशीर नको म्हणून. आणि मी? मी ठरवलं होतं की निदान पाच मिनिटं कागद मागायचा. खाटेवर पाय वर घेतले. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी पाय खाली सोडले आणि होडीत गेलो. दिग्दर्शकाने नटांच्या मागे जाऊ नये, पण जागा संपत आली होती.

मॅडमच्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

होडीतली सगळी माणसं हवालदारांकडे कौतुकाने बघत होती, जणू पहिला नंबर आलाच. हवालदारांचा चेहरा मात्र मातीसारखा झाला होता. त्यांना कळलं होतं. कुणी ‘येत नाही’ म्हटलंच नाही तर पटवलं कुणाला? गुण कशाला द्यायचे? आणि त्याहून वाईट म्हणजे, हे यांनी आधी ठरवून तर घेतलं नाही? मॅडमनी तेच विचारलं, शांतपणे. ते म्हणाले, “नाही मॅडम.” 

मी पुढे झालो. आमच्या लोकांनी हे आपल्या मनाने केलं, त्यांना मदत करायची होती, असं सांगितलं. या भागात आवडत्या माणसाला दारात ताटकळत ठेवत नाहीत, हेही सांगितलं. मॅडमनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तीन दिवस बाकीच्यांना ताटकळत ठेवलंत ते?”  बावीस वर्षांत रंगमंचावर मी पहिल्यांदा गप्प राहिलो.

त्यांनी परीक्षा रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. माझे नट नकोत म्हणाल्या. मग अंगणात फिरल्या, दोऱ्यांवरचे बोंबील बघितले आणि आत्यापाशी थांबल्या.

“उद्या फक्त तुम्ही. नाटक करायचं नाही. खरंच पाणी चढत असतं तर जे केलं असतं तेच करायचं. यांच्यासाठी काही करायचं नाही.”

“खरं तेच?” आत्याने विचारलं.

“खरं तेच.”

रात्री फोनवर मी आत्याला सांगून बघितलं, पाच मिनिटं नाही म्हण आणि मग जा. ती म्हणाली, खोटं करायचं होतं तेव्हा त्याच्यासाठी खोटं केलं. आता बाईने खरं मागितलंय.

दुसऱ्या दिवशी मला कुंपणाबाहेर उभं केलं. हवालदार चार जवानांना घेऊन उतरले. आत्या दोऱ्यांखाली उभी होती. त्यांनी सांगितलं, आई, पाणी चढतंय, चला.

“मी येत नाही,” आत्या म्हणाली.

मी तिला ओळखतो. हे नाटक नव्हतं.

हवालदारांनी घाई केली नाही. बूट काढले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि का ते विचारलं. तिने सांगितलं. एका वादळाच्या वर्षी अशीच माणसं आली होती, चला म्हणाली, ती गेली. घराला काही झालं नाही. पण दोऱ्यांवरची सगळी मासळी कुजली, पावसाळ्यात विकायला काही उरलं नाही. ते वर्ष तिने कसं काढलं ते तिलाच माहीत. काढणारी माणसं चांगली होती, ती म्हणाली. पण त्यांनी मला काढलं, माझं काही काढलं नाही.

हवालदार ऐकत होते. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होतो. आठ. नऊ. मी त्यांच्या जागी असतो तर एव्हाना दोन भाषणं झाली असती.

मग ते उठले. माळ सदऱ्याच्या आत टाकली आणि म्हणाले, “आई, मला मासा चालत नाही. पण हे तुमचं आहे. मी हात लावला तर तुम्हाला चालेल का?”

आत्याने घराच्या मागे बोट दाखवलं. “पाट्या मागच्या पडवीत आहेत.”

चार दोऱ्या भरलेल्या होत्या. बोंबील वाळत घालताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर दोन्हीकडे लोंबत सोडतात. ती काढायची तर दोन्ही बोंबील एकदम उचलायचे. जवान ओढायला लागले, जबडे फाटायला लागले. आत्या अंगणभर फिरत ओरडायला लागली. अरे उचल, खेचू नको, ते काय धुणं आहे? त्या लाल केसांच्याला सांगा हाताने धर, मुठीत आवळू नको. हवालदार स्वतः पहिल्या दोरीवर होते. डोळ्यांत पाणी, तोंड आवळलेलं, पण जोडी बरोबर उचलत होते. पाच मिनिटांत ती त्यांची अधिकारी झाली होती आणि ते सगळे तिचे जवान.

पंचवीस मिनिटं झाली तेव्हा दोन दोऱ्या झाल्या होत्या. मॅडमनी घड्याळ थांबवलं नाही. हवालदारांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, की पाहून न पाहिल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही. शेवटची पाटी होडीत गेली. आत्याने दोऱ्यांवर एक नजर फिरवली, पदर खोचला आणि कुणी न सांगता होडीत जाऊन पाट्यांना पाठ लावून बसली.

अडतीस मिनिटं.

“तेरा मिनिटं जास्त,” मॅडम म्हणाल्या. “खरं पाणी असतं तर?”

“कमरेपर्यंत आलं असतं, मॅडम,” हवालदार म्हणाले.

मॅडम आत्याकडे वळल्या. “मासळी नसती काढली तर तुम्ही किती वेळात आला असता?”

“आलेच नसते.”

मॅडमनी पॅडवर बराच वेळ लिहिलं. मग तिथेच वाचून दाखवलं, कारण कुंपणाबाहेर आता निम्मं गाव जमलं होतं. वेळ पाळली नाही. जवानांना काम आधी समजावून दिलं नाही, त्यामुळे सामानाचं नुकसान झालं. माणूस स्वतःच्या इच्छेने होडीत आला. शेरा, बी.

‘ए’ नव्हता, पण ‘बी’ पुरत होता. हवालदारांनी कडक सलाम केला. हाताला बोंबलाचा चुरा चिकटलेला होता आणि तो कपाळाला लागला, तरी त्यांनी पुसला नाही. गाव टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या, आणि सवयीने किंचित वाकलोही.

आत्याला टाळ्यांत रस नव्हता. ती होडीतून उतरली, एका पाटीत हात घालून बघितलं. चढवताना खाडीचं पाणी उडालं होतं, खालचा थर ओला झाला होता. असा ठेवला तर संध्याकाळपर्यंत वास मारेल.

“परीक्षा झाली ना?” तिने मॅडमना विचारलं.

“झाली.”

“मग हे परत लावायला लागेल. ऊन आहे तोवर.”

मॅडमनी हवालदारांकडे पाहिलं, हवालदारांनी जवानांकडे. पाट्या पुन्हा वर आल्या. जबड्यात जबडा अडकवायला आत्याने त्यांना एकदाच दाखवलं, आणि या वेळी हवालदारांनी तेच चौघांना पुन्हा, सावकाश, करून दाखवलं. मॅडमही थोडा वेळ बघत होत्या, मग त्यांनी पॅड माझ्या हातात दिलं आणि दोन जोड्या लावून पाहिल्या. दुसरी पडली.

गंजाडला जायची गाडी वर रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि हॉर्न द्यायला लागली. जवानांनी माना वळवल्या. हवालदारांचे हात थांबले.

“वाजवू दे त्याला,” आत्या म्हणाली. “अजून एक दोरी आहे.”