आण्णांचं पुढचं चाक

त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी घरी मी एकटीच होते. नवरा पहिल्या पाळीला गेला होता, मुलगी शाळेत. कंपन्यांच्या बसेस निघून गेल्या की बजाजनगरातली आमची गल्ली थोडा वेळ शांत होते. मी पीठ मळत होते आणि बाहेरून लोखंड रस्त्यावर घासल्यासारखा आवाज आला. थोडा यायचा, थांबायचा, परत यायचा. आवाज आमच्याच फाटकाशी येऊन थांबला. दार उघडलं तर आण्णा उभे होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून जन्म काढला. आई गेली तेव्हा मी त्यांना माझ्याकडं राहायला आणलं. येताना त्यांनी एक ट्रंक आणि आपली काळी सायकल एवढंच आणलं होतं. रोज सकाळी ते सायकलवर दूध आणायला जायचे आणि येताना उगाच लांबचा फेरा मारून यायचे.

सायकलचं पुढचं चाक पार वाकडं झालं होतं आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या चिमट्यात अडकून बसलं होतं, फिरतच नव्हतं. ते सायकल पुढून उचलून ढकलत आणत होते आणि हात भरून आले की खाली टेकवत होते. दुधाची पिशवी नव्हती. डाव्या कपाळाला खरचटलं होतं, केसांत माती होती. रक्त फारसं नव्हतं.

"आण्णा, काय झालं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चाकाकडं. "माझी सायकल कुणी मोडली?"

मला वाटलं, कुणीतरी धडक दिली आणि ते रागात बोलतायत. मी त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ते नीट प्याले. तांब्या खाली ठेवला, दारातून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "सायकल कुणी मोडली?"

"तुम्ही पडलात का आण्णा?"

"मी? नाय."

"मग कपाळाला काय लागलंय?"

त्यांनी हात लावून पाहिला आणि बोटाकडं बघत राहिले. मग अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "तुझी आई कुठंय?"

माझे हात पिठाचे होते. ते तसेच पदराला पुसले एवढं आठवतं. मी म्हणाले, "आण्णा, आई नाही आता. दोन वर्षं झाली."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ही बातमी ते पहिल्यांदाच ऐकत होते. "कधी? मला कुणी कसं सांगितलं नाय?" असं म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला आणि रडायला लागले. आई गेली त्या दिवशी ते असंच तोंड दाबून रडले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. थोड्या वेळानं रडणं थांबलं, त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, दाराबाहेर पाहिलं.

"माझी सायकल कुणी मोडली?"

आणि पुन्हा, "तुझी आई कुठंय?"

मी पुन्हा खरं सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, तेच शब्द, तसाच हात तोंडावर. समोर बसलेला माणूस आण्णाच होते, पण त्यांच्या आत काहीतरी फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी आईचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशीकडं गेलीय. पैठणला."

"बरं," ते म्हणाले. एकदम शांत झाले. "येईल मग सांजच्याला."

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या भावाची रिक्षा बोलावली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंतचा सगळा रस्ता आण्णा माझा हात धरून तेच दोन प्रश्न विचारत होते आणि मी तीच दोन उत्तरं देत होते. रिक्षावाला आरशातून बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. मला एकच वाटत होतं, हे असंच राहिलं तर? रोज सकाळी उठून आईला पैठणला पाठवायचं, आणि एक दिवस त्यांनी म्हटलं की चल, तिला आणायला जाऊ, तर काय करायचं?

आणखी एक भीती होती, ती मी कुणाला बोलले नाही. ते एकटेच पडले होते, का कुणाच्या लेकराला धडकले होते? आपल्याला माहीत नाही आणि त्यांनाही माहीत नाही. कुणीतरी दारात येऊन उभं राहील, असं मला सारखं वाटत होतं. दवाखान्याच्या बाकावर कुणी चप्पल वाजवत आलं की मी मान वर करायची.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण लहान वयाची होती, पण सावकाश समजावून बोलली. मेंदूत रक्त साचलेलं नाही, पण डोक्याला जोराचा हिसका बसलाय. त्यामुळं आत्ताचं काही डोक्यात राहत नाही आणि मागचंही थोडं पुसल्यासारखं होतं. बहुतेक हे आपोआप निवळेल.

"बहुतेक?" मी विचारलं.

"बहुतेक," ती म्हणाली. "आज इथंच ठेवू या."

दुपारी नवरा कामावरून परस्पर दवाखान्यात आला. येताना तो दूध केंद्राच्या रस्त्यानं विचारत आला होता. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी आहे, तिथल्या माणसानं सगळं पाहिलं होतं. आण्णांच्या हँडलला अडकवलेली कापडी पिशवी पुढच्या चाकात गेली, चाक जागेवर अडकलं आणि ते सायकलवरून पुढं फेकले गेले. मागून येणाऱ्या टेम्पोनं कसाबसा ब्रेक मारला, पण टेम्पोचं चाक सायकलच्या चाकावर चढलं. दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं. लोकांनी उठवलं, पाणी पाजलं. आण्णा म्हणाले, मी ठीक आहे. सायकल उचलली आणि चालायला लागले.

म्हणजे ते तो रस्ता ओलांडून आले होते. कंटेनर, ट्रक, कामगारांच्या बसेस, सगळ्यांमधून, मोडकी सायकल उचलत, आणि त्यातलं त्यांच्या डोक्यात काहीही नव्हतं. मी बाकावर बसले.

संध्याकाळी ते म्हणाले, "मला इथं का आणलंय?" मी सांगितलं. पुन्हा विचारतील म्हणून वाट बघत बसले. विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी जेवली का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते परत आलेत. आईचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर अंगणातल्या भिंतीला ती सायकल तशीच टेकवलेली होती. मला ती तशीच हवी होती. मी आण्णांना स्पष्ट सांगितलं की आता सायकल नको, दूध मी आणीन. त्यांनी ऐकून घेतलं. आठवडाभर मुकाट्यानं अंगणात बसले. मग एका सकाळी मी बाहेर आले तर पाना घेऊन त्यांनी पुढचं चाक सोडवलं होतं.

"शहागंजला जातो," म्हणाले. "तिथला मिस्त्री ओळखीचाय. आउट निघतो का, चाक सरळ होतं का बघतो."

"एकटे?"

"मग काय फौज नेऊ?"

मी सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. बसमध्ये चाक त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

दुकान शहागंजच्या बाजारात, भांड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या मधोमध. आत एकच माणूस बसला होता, आण्णांच्या वयाचा. त्यानं आण्णांना पाहून हात वर केला. मग चाक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"भाऊ, ये नही होता. रिंग गेली. थोडा आउट असता तर काढला असता. मधला हब चांगला हाय, तो ठेवतो. नवी रिंग, नवे स्पोक टाकतो."

"टाका," आण्णा म्हणाले.

"बैठो मग. वक्त लागेल. बेटी, तू बी बस."

तो एकेक तार भरायला लागला. मुलीसाठी शाळेच्या चपला बघाव्यात म्हणून मी शेजारच्या दुकानात गेले. दोन जोड पाहिले, एक घेतला. परत आले तर स्टुलावर आण्णा नव्हते.

"आण्णा कुठंयत चाचा?"

त्यानं मान वर केली. "इथंच तर होते. तंबाखू आणायला गेले असतील."

आण्णा तंबाखू खात नाहीत.

मी फोन लावला. तो त्यांच्या पिशवीत, स्टुलाखाली वाजला. मग मी निघाले. एका गल्लीत शिरले, फळांच्या गाड्या, बांगड्या, बुरखे, बॅगा, माणसंच माणसं. सगळ्या म्हाताऱ्या माणसांची पाठ आण्णांसारखी दिसायला लागली. एकाच्या खांद्याला मी हात लावला, तो वळला, मी माफी मागितली. मला सारखं वाटत होतं, ते कुठंतरी उभे आहेत आणि कुणा अनोळखी माणसाला विचारतायत, तुझी आई कुठंय. आणि तो माणूस हसतोय.

एका पानवाल्याला विचारलं. "टोपीवाले बुजुर्ग? उपरणं होतं गळ्यात? त्या तिकडं गेले."

तिकडं रस्ता चौकात उघडत होता. पलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर आण्णा बसले होते. हात गुडघ्यांवर, घामानं सदरा भिजलेला. मला पाहून ते उठले नाहीत.

"आण्णा, हे काय?"

"बस," ते म्हणाले.

मी बसले.

"मुद्दाम आलो. म्हटलं, लांब जायाचं आन परत दुकानापोतूर जायाचं, कुणाला न इचारता. जमतंय का बघावं. या बाजारात चाळीस वर्सं येतो मी."

"मग?"

"वाट ध्यानात हाय. पण इथं आलो आन पाय उचलंना. म्हटलं, चुकलो तर?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "त्या दिशी मी काय काय इचारलं गं? तू सांगत नाय. जावईबी सांगत नाय."

मी सांगितलं. सायकलचं सांगितलं आणि मग आईचंही. दोनदा खरं सांगितलं, तेही. मला वाटलं होतं ते रडतील. त्यांनी नुसती मान खाली घातली.

"म्हंजी दोनदा मेली ती त्या दिशी," ते म्हणाले. "आन तिसऱ्यांदा?"

"पैठणला पाठवली. मावशीकडं."

"ते बरं केलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माय, मला मरणाचं काय वाटत नाय. पण हे परत झालं, तर मला खरं सांगू नको. पैठणलाच ठिव तिला."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पुढ्यातून माणसं जात होती. मग मी उठून त्यांना म्हणाले, "चला, तुम्ही पुढं व्हा. मी मागनं येते."

ते चालायला लागले. पहिल्या वळणावर थांबले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मी मागंच थांबले. ते उजवीकडं वळले. तीच वाट बरोबर होती. दुकानात चाचा लाकडी घोडीवर चाक फिरवून बघत होता, कुठं घासतंय का. आण्णा स्टुलावर बसले आणि त्याच्याशी स्पोकच्या ताणाबद्दल बोलायला लागले, जणू कुठं गेलेच नव्हते.

नवं चाक त्यांनी घरी स्वतः बसवलं. मोठा रस्ता त्यांनी आपणहून सोडला. आता ते आतल्या रस्त्यानं दूध केंद्रापर्यंत जातात आणि सरळ परत येतात. पिशवी हँडलला न लावता मागच्या कॅरिअरला बांधतात. डॉक्टरणीनं पुन्हा तपासलं, सगळं बरं आहे म्हणाली.

ते गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासे झाले की मला वाटतं, परत यायची वाट सापडली नाही तर? ही भीती कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही. मी फाटकात उभी राहायची, ते परत वळून दिसेपर्यंत. एक दिवस पिशवी बांधताना आण्णा म्हणाले, "तू इथं उभी ऱ्हाऊ नको. मी मागं बघतो आन सायकल डगमगती."

तेव्हापासून मी आत, स्वयंपाकघराच्या खिडकीला उभी राहते. तिथून त्यांना मी दिसत नाही.