कपाटात जपलेली पिशवी

आमच्या रक्तपेढीत ताई म्हणजे खडूस बाई, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू? प्लेटलेटच्या पिशव्या डुलत्या मशीनवर कुणी एकीवर एक रचल्या, की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. रक्त थांबवणाऱ्या त्या पेशी पिशवीतही जिवंत असतात, स्वतःत तयार होणारं आम्ल सतत बाहेर ढकलत असतात, हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायची. डुलणं थांबलं, हवा कोंडली, की आम्ल इतकं साचतं की ढकलून ढकलून बिचाऱ्या थकतात आणि मरतात.

मग तिच्याच नवऱ्याला रक्ताचा कर्करोग झाला. नाकातून रक्त थांबेना. त्याला चालेल अशी एकच पिशवी मोठ्या मुश्किलीने मिळाली. ती शनिवारी तयार झाली, पण तपासण्यांचे निकाल सोमवारी येणार होते. ताई दोन्ही दिवस त्याच्या उशाशी बसून होती.

सोमवारी सकाळी ती धावत आली, तर मशीनवर पिशवी नाही. आमचे ट्रॉलीवाले काका हसतमुखाने पुढे आले. बाहेरच्या दवाखान्यांचे सारखे फोन येत होते म्हणे.

"कुणी पळवू नये म्हणून मी शनिवारीच कपाटात लपवली, ताई. टॉवेलात, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळून."

ताईने पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हळूच कलवली. पेशी धड असल्या, की आत धुरासारखी लाट फिरते. यात काही फिरलं नाही. मी मनात म्हटलं, आता काकांची धडगत नाही.

"बरं केलंत, काका," ती म्हणाली. "जपलीत."

पिशवी घेऊन ती वॉर्डाकडे निघाली. मी मागोमाग गेले. वळणावर तिने मला पिशवीतला थेंब काढून पट्टीवर आम्ल मोजायला लावलं. आकडा पाहिला, पिशवी फेकायच्या डब्यात टाकली आणि भिंतीला कपाळ टेकलं. दुसरी पिशवी लांबच्या गावाहून संध्याकाळी आली. तिचा नवरा दुपारीच गेला होता.

मला काकांचा इतका राग आला होता, की त्यांना खडसावायला मी निघालेसुद्धा होते. ताईने माझा दंड धरला, ते अजून आठवतं. कळलं तर म्हातारा झोपेल का गं पुन्हा, एवढंच ती पुटपुटली.

काका अजून कामावर आहेत. नवं कुणी आलं, की चहा पिताना अभिमानाने सांगतात, आपण जपली म्हणून ताईंच्या साहेबांना पिशवी वेळेवर मिळाली, पुढे नशिबाचा भाग. ताई तिथेच बसलेली असते.

"हो," ती म्हणते, "काकांमुळेच मिळाली."